झाकणांवरचे नंबर

सोमवार, ४

बोटवाल्यांनी अखेर गाशा गुंडाळला. गुडघे गेले, नजर गेली, आता लेकीकडे जाऊन राहतो म्हणाले. आमच्या कारखान्यातल्या मातीच्या किटल्या परदेशी धाडायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. जहाजावर जागा मिळवायची, कस्टमचे कागद करायचे, खोकी बंदरापर्यंत न्यायची, पलीकडे ती उतरवून घेणारा माणूस गाठायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात. या धंद्यातल्या माणसाला फॉरवर्डर म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे ते बोटवाले, आणि दादाच्या तोंडी नुसता 'बोट्या'. खेप निघायच्या आदल्या दिवशी यायचे आणि दादाच्या खोलीत दिवसभर चहा ढोसत बसायचे. मला त्याचा राग यायचा. गप्पा मारायच्या तर काम झाल्यावर माराव्यात.

गेले तेही नेमके आत्ता. परदेशातल्या एका दुकानांच्या साखळीने आमच्या किटल्या मागवल्या आहेत. आधी नमुन्याची खेप, ती पसंत पडली तर वर्षभराचं काम. नाही पडली तर दुसरी भट्टी विझवावी लागेल, आणि त्या भट्टीवरच्या बायकांना कुठल्या तोंडाने सांगायचं ते मला ठाऊक नाही. म्हणजे आता नवा फॉरवर्डर शोधणं आलं. चाकावर दादा बसतो, बाकी सगळं माझ्या गळ्यात. मला खरं तर चार दिवस नुसतं झोपायचं आहे.

दादाला सांगितलं, बोटवाले गेले. "बरं," म्हणाला आणि माती मळायला लागला. जेवताना विचारतो, बोट्या कधी येणार? ऐकतच नाही माझं. पालथ्या घड्यावर पाणी.

गुरुवार, ७

पहिला उमेदवार. मोठी कंपनी, मोठी बॅग, उकाड्यात गळ्याशी आवळलेला टाय. टायवाल्याने लॅपटॉप उघडून जहाजांची चित्रं दाखवली, जगाचा नकाशा दाखवला, आणि त्यावर हलणारे ठिपके. आमच्या किटल्यांना तो 'युनिट' म्हणत होता. मी त्याला समजावलं की आमचं युनिट दोन तुकड्यांचं असतं. प्रत्येक किटली हातावर घडते, म्हणून प्रत्येक झाकण आपल्याच किटलीला बसतं, दुसरीला नाही. भाजून निघाल्यावर दादा बारीक वाळूच्या लगद्याने झाकण किटलीच्या काठावर फिरवून फिरवून बसवतो. मग भांड्याच्या तळाला आणि झाकणाच्या पोटात एकच नंबर पडतो. झाकण लावून पाठवलं तर हादऱ्याने काठ फुटतो, म्हणून भांडी एका खोक्यात आणि झाकणं दुसऱ्या खोक्यात जातात. तिकडे नंबर बघून पुन्हा जोडी लावतात. आमच्या वडिलांपासूनची पद्धत.

टायवाला "ओके, ओके" म्हणत राहिला. तेवढ्यात दादा आला आणि विचारता झाला, बोट्या कधी येणार. मी सांगितलं. दोन वाक्यं झाली आणि पुन्हा तेच. टायवाला निघताना दारात तिसऱ्यांदा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवा माणूस समोर बसलेला असताना जुन्याचं नाव काढून त्याला हिणवायचं, ही दादाची भाव पाडायची युक्ती असणार. लहानपणी पतंग विकत घेतानासुद्धा तो असाच करायचा.

टायवाला म्हणाला, लहान गिऱ्हाइकांसाठी आमचा वेगळा विभाग आहे, त्यांचा नंबर पाठवतो. हा नंबर काही यायचा नाही.

शनिवार, ९

वहिनीला अचानक टापटिपीचं वेड लागलंय. घरातल्या आणि कारखान्यातल्या प्रत्येक खणावर चिठ्ठी डकवली आहे. 'चमचे'. 'चष्मा'. 'घासायचा लगदा'. तीस वर्षं त्याच खणात चमचे आहेत, ते कुठे पळून जाणार आहेत? विचारलं तर म्हणे, "बरं पडतं, वन्सं."

आणि हल्ली ती सारखी दादाच्या खोलीत बसलेली असते, विणकाम घेऊन. आजवर कारखान्यात पाऊल टाकलं नाही, आणि आता कोणता फॉरवर्डर आला, काय बोलला, सगळं विचारते. माझ्या खुर्चीवर डोळा आहे की काय कोण जाणे. कानामागून आली आणि तिखट झाली. घ्या म्हणावं खुर्ची, खुशाल घ्या. त्या खुर्चीने माझी पाठ कामातून गेली आहे.

मंगळवार, १२

दुसरा उमेदवार. याचं नाव मी 'काळजीच नको' ठेवलं आहे. एकटाच धंदा करतो, स्कूटरवरून आला, बिस्किटांचा पुडा घेऊन. माल फुटेल का? काळजीच नको. कागद वेळेवर होतील का? काळजीच नको. विमा? तो म्हणण्याआधी मीच म्हटलं. भाडं मात्र सगळ्यांत कमी सांगितलं.

दादाने त्यालाही विचारलं, बोट्या कधी येणार. हा पठ्ठ्या म्हणतो, "येतील हो काका, काळजीच नको." बोटवाल्यांना तो ओळखतसुद्धा नाही. दादा इतका खूश झाला की त्याला भट्टी दाखवायला घेऊन गेला. उद्यापर्यंत दादा दाराकडे डोळे लावून बसणार.

गुरुवार, १४

तिसरी उमेदवार, एक बाई. माझ्याच वयाची, पायात जाड तळव्याचे बूट, आणि प्रश्नच प्रश्न, म्हणून नाव ठेवलं प्रश्नबाई. खोकी कोण भरतं? पेंढा वापरता का? पेंढा असला तर पलीकडे कस्टमवाले माल अडवतात. पाऊस लागला तर नंबर पुसतो का? जहाजावर जागा कमी पडली तर निम्मा माल आधी पाठवू का? दादा म्हणाला, पाठवा की. मी ओरडलेच. भांडी एका जहाजावर आणि झाकणं दुसऱ्यावर गेली म्हणजे तिकडचे लोक काय बिनझाकणाच्या किटल्या विकणार? बाईंनी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लिहून घेतलं.

मग म्हणाल्या, झाकण कसं बसवता ते बघू का. दादाने एक जोडी करून दाखवली. दादाचा हात अजून काय सुरेख चालतो. झाकण ठेवतो, फिरवतो, कान देतो, पुन्हा फिरवतो, आणि एका क्षणी आवाजच थांबतो. बाई म्हणाल्या, आता नंबरही टाकून दाखवा. दादाने भांड्यावर एकवीस लिहिलं आणि झाकणावर चाळीस. बाईंची परीक्षा बघत होता, दुसरं काय. त्या काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांचं लक्षच नव्हतं. प्रश्न विचारण्यात सगळी हुशारी.

दादाने त्यांना दोनदा विचारलं, चहा घेतला का. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या "नाही, घेईन की," म्हणाल्या आणि दुसरा कप प्यायल्या. बोटवाल्यांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "मी काही त्यांना ओळखत नाही. कसे होते?" झालं, दादाला तेवढंच हवं होतं. अर्धा तास बोटवालेपुराण. जाताना वहिनी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली आणि दोघी उन्हात उभ्या राहून कितीतरी वेळ बोलत होत्या. ओळख ना पाळख. आमचा चहा, आमची बिस्किटं आणि भाडं सगळ्यांत जास्त.

रविवार, १७

टायवाल्याचा नंबर आला नाही. म्हणजे राहिले दोघे. स्वस्त पण गुळगुळीत असा एक, आणि महाग, चौकस अशी दुसरी. डोकं चालेना, म्हणून दोघांनाही नमुन्याच्या खेपेतला निम्मा निम्मा वाटा द्यायचं ठरवलं. विमानाने जाईल. ज्याचा माल नीट पोचेल त्याला मोठी खेप, जहाजाची. सरळ हिशेब. चुकला तो गेला. गेल्या वर्षी बांधणीवाल्या बाईने दोन खोकी उलटी भरली तेव्हाही मी तिला घरी बसवलं. धंद्यात दुसरी संधी देत बसलं की धंदाच उरत नाही.

वहिनीला हे सांगितलं तर तिचा चेहरा पडला. हिला काय झालं?

बुधवार, २०

नमुने गेले. 'काळजीच नको' सकाळीच टेम्पो घेऊन आला, खोकी मोजली, सही केली आणि शीळ वाजवत गेला. प्रश्नबाई दुपारी आल्या आणि थेट दादाच्या खोलीत शिरल्या. भट्टीचा पंखा बंद पडला होता म्हणून मी मेकॅनिकपाशी उभी होते. परत येऊन पाहते तर खोलीचं दार लोटलेलं, आत बाई, वहिनी आणि दादा, आणि मी चिकटवलेली खोकी उघडून टाकलेली. मी कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, एकदा बघून घेत होते. वहिनी नजर चुकवत चिकटपट्टी लावत होती. गाडीवाला बाहेर ताटकळला. एवढा संशय असेल तर आमचा माल घेता कशाला?

दादा मात्र खुशीत होता. त्याला माणसं लागतात आजूबाजूला.

सोमवार, २

परदेशातून पत्र आलं. एका वाट्यातल्या किटल्या अप्रतिम आहेत. दुसऱ्या वाट्यातली बहुतेक झाकणं बसत नाहीत, खुळखुळतात, काही तर आतच पडतात. नंबर जुळतात पण झाकणं जुळत नाहीत, हे काय गौडबंगाल आहे, असं त्यांनी विचारलं आहे. मग पत्रातली खोक्यांची खूण पाहिली. बिघडलेला वाटा 'काळजीच नको'चा.

त्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. वाटेत कुठेतरी खोकी फोडली असणार, झाकणं सांडली असणार, आणि मग हाताला येतील तशी भरली असणार. तो पहिल्यांदाच 'काळजीच नको' म्हणाला नाही. म्हणाला, "ताई, मी खोकं उघडलंच नाही. उघडून मला काय मिळणार?" खोटारडा. बिस्किटं आणणाऱ्यावर मी विश्वासच ठेवायला नको होता.

जेवताना वहिनीला सगळं सांगितलं. ती घास हातात धरून बसून राहिली. म्हणाली, "त्या बिचाऱ्याला एवढं कशाला बोललात?" हिला सगळ्या जगाची कणव. दादा म्हणाला, बोट्या असता तर असं झालं नसतं. एवढं मात्र खरं बोलला.

बुधवार, ४

काम प्रश्नबाईंना दिलं. वाटलं होतं, खूश होतील. त्या म्हणाल्या, त्याआधी तुमच्याशी निवांत बोलायचं आहे, समोरासमोर. मी म्हटलं, निवांतपणा आमच्याकडे मिळत नाही, खेप निघाली की या. गिऱ्हाइकाला लिहिलं की दोषी माणूस काढून टाकला आहे, पुन्हा असं होणार नाही. त्यांनी एक संधी दिली. एकच, असं लिहिलं आहे. त्यांचं आणि माझं जमेल.

गुरुवार, १९

भट्टी, भट्टी आणि भट्टी. कपड्यांना, केसांना, पोळीलासुद्धा राखेचा वास येतो. झोप झाली तरी थकवा जात नाही, जणू तोच उठून माझ्या आधी चहा करतो. दादा आज माझ्यावर चिडला. मी म्हटलं, जरा भराभर नंबर टाक, तर त्याने पेन्सिल फेकली आणि म्हणाला, हे माझं काम नाही. मग कोणाचं? माझं? सगळं मीच करू? वहिनी मध्ये पडली आणि त्याला अंगणात घेऊन गेली. तो गेल्यावर मला उगाच वाईट वाटलं. तो पेन्सिल फेकणाऱ्यातला नाही.

गुरुवार, २६

आज जे झालं ते लिहायला हात उठत नाही, पण लिहिते.

मोठ्या खेपेचा ट्रक दारात लागला. प्रश्नबाई आल्या आणि हमालांना म्हणाल्या, थांबा. मला म्हणाल्या, झाकणं लावून पाहिल्याशिवाय मी ही खोकी नेणार नाही. मी म्हटलं, तुमचं काम न्यायचं, बघायचं नाही. जहाज चुकलं तर गिऱ्हाईक जाईल, भट्टी जाईल, तुमचं काय जाईल? त्यांनी एका खोक्यातून अकरा नंबरची किटली काढली, दुसऱ्यातून अकराचं झाकण, आणि माझ्या टेबलावर ठेवून लावलं. झाकण खुळखुळलं. बारा लावलं. ते आत पडलं.

"नमुन्यातही असंच होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या वाट्यातलं आम्ही त्या दिवशी बसून नीट केलं. दुसऱ्याचा वाटा सकाळीच गेला होता."

मी वहिनीकडे वळले. ती दारात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. म्हणाली, "नंबर बोटवाले लिहायचे, वन्सं. गेली दोन वर्षं. हे जोडी लावायचे आणि ते शेजारी बसून लिहायचे. जोडी यांच्या हाताला कळते. पण पेन्सिल घेतली की भांड्यावर एक लिहितात आणि झाकण उचलेपर्यंत विसरतात. आता तर पुष्कळच विसरतात. मी चोरून जमतील तेवढे दुरुस्त केले, पण एवढी मोठी खेप मला आवरली नाही. डॉक्टरांना दाखवलंय."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"बांधणीवालीला एका चुकीवर घरी बसवलंत," वहिनी म्हणाली. "यांना चाकावरून उठवलं असतंत तर हे जगले नसते."

ती खोटं बोलत नव्हती. मी दादाला उठवलं असतं. प्रेमाने उठवलं असतं, आराम कर म्हणून, पण उठवलंच असतं. मला लाज वाटली, आणि एवढ्या हमालांसमोर रडूही आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. झाकणं परदेशात का बिघडली ते मी परदेशात शोधत होते.

प्रश्नबाईंनी ट्रक परत पाठवला. पुढच्या जहाजावर त्यांनी आधीच जागा धरून ठेवली होती. मी विचारलं, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं? त्या म्हणाल्या, "माझी आई मला रोज विचारायची, तू कोणाची मुलगी. मी रोज सांगायची." एवढं बोलून त्या बूट घालायला लागल्या.

गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं. दोष फॉरवर्डरचा नव्हता, आमच्या घरचा होता, माल उशिरा येईल. काय करायचं ते करा. मग 'काळजीच नको'ला फोन केला. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती. माफी मागितली. तो म्हणाला, असू द्या ताई, काळजीच नको. या वेळी मला त्याचा राग आला नाही.

शुक्रवार, २७

परदेशातून उत्तर नाही. असेल नशिबात तर येईल.

सकाळी ऑफिसला कुलूप लावून दादाच्या खोलीत गेले. सगळी भांडी एका बाजूला मांडली, सगळी झाकणं दुसऱ्या. जुने नंबर वहिनीने ओल्या फडक्याने पुसले होते. दादा स्टुलावर बसला, एक झाकण उचललं, अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला, आणि भांड्यांच्या रांगेवर नजर टाकून एकाकडे हात केला. मी ते दिलं. झाकण बसलं. तीन झाकणांत एखादंच चुकत होतं, आणि चुकलं की तो आपणच "हं, हे नव्हे," म्हणायचा. इतकी वर्षं मी या घरात आहे आणि त्याचं काम शेजारी बसून कधी पाहिलं नव्हतं. मला नेहमी दारातूनच घाई असायची.

जरा वेळाने त्याने विचारलं, "बोट्या कधी येणार?"

आजवर मी या प्रश्नाला फटकारूनच उत्तर दिलं होतं. आज नीट सांगितलं. म्हटलं, दादा, तो लेकीकडे गेला रे. गुडघे दुखतात त्याचे, दिसतही नाही नीट. आता तो यायचा नाही.

दादाने हातातलं झाकण खाली ठेवलं. त्याचा चेहरा काळजीत पडला.

"मग नंबर कोण लिहिणार?"

इतके दिवस तो हेच विचारत होता, आणि आम्ही त्याचा अर्धाच प्रश्न ऐकत होतो.

"मी लिहिते," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुला वेळ कुठे असतो, धाकटे?"

"आहे," मी म्हटलं आणि पेन्सिल घेतली. भांड्याच्या तळाला एक लिहिलं, झाकणाच्या पोटात एक लिहिलं. त्याने दोन्ही उलटी करून पाहिली, मान हलवली आणि पुढचं झाकण उचललं. वहिनी चहा घेऊन आली आणि तिथेच विणकाम घेऊन बसली.

दुपारी त्याने पुन्हा विचारलं, बोट्या कधी येणार. मी पुन्हा सगळं सांगितलं, गुडघ्यांसकट. नंबर कोण लिहिणार, तेही त्याने पुन्हा विचारलं. मी लिहीतच होते.